आखाड्यावर राखणीचं मोठं कुत्रं आणताना

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. जिंतूर तालुक्यात वावर, तिथल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, तीस-पस्तीस उस्मानाबादी शेळ्या, राहायला परभणीत. मागच्या हिवाळ्यात एका रात्रीत दोन शेळ्या आणि विहिरीवरची केबल गेली. शिवारात लांडगे दिसतात, बिबट्या आल्याचंही लोक बोलतात. घरात सहा आणि नऊ वर्षांची लेकरं. कॉकेशियन शेफर्डचं पिल्लू घ्यायचं मनात आहे. आठवडाभर ते घरी राहील, शनिवार-रविवारी आखाड्यावर न्यायचं. घ्यावं का, आणि घेतलं तर वाढवावं कसं? मी या भागात बरीच वर्षं पशुवैद्यक म्हणून काम करतो आणि स्वतःच्या शेतावर मोठी कुत्री सांभाळतो, त्यावरून उत्तर देतो.

कॉकेशियन घेऊ नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण पिल्लं विकणारे इसार घ्यायची घाई करतात आणि पिल्लू एकदा लेकरांच्या मांडीवर बसलं की मग घरात कुणाचंच काही चालत नाही.

हा कुत्रा कॉकेशसच्या डोंगरातला. थंडीत रात्रभर उघड्यावर मेंढ्यांपाशी बसता यावं म्हणून त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला थर लोकरीसारखा दाट. वजन ५० किलोच्या पुढे, नर ७० पर्यंतही जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळी भिस्त धापेवर. आपला मे महिना ४२-४४ अंशांचा. त्यात हे जनावर सकाळी दहापासून सूर्य मावळेपर्यंत नुसतं जिवंत राहण्यासाठी धापत असतं. एसीत ठेवता येतं, काहीजण ठेवतातही; पण मग त्याने आखाडा राखायचा कधी? केस भादरूनही भागत नाही. वरचा थर उन्हापासून कातडीला आडोसा देतो. तो काढला की कातडी भाजते आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. तिबेटन मास्टिफ आणि सेंट बर्नार्डलाही हेच लागू.

'इम्पोर्टेड लाइन' म्हणून जास्त पैसे मागितले तर कागद मागा. व्यावसायिक पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणायला केंद्राने २०१६ मध्ये बंदी घातली होती. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. त्यात कॉकेशियन, अलाबाई, कांगल, रॉटवायलर, केन कोर्सो हे सगळे होते. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं. तरी पिल्लू आणायच्या आधी महानगरपालिकेत नोंदणीची चौकशी करून ठेवा.

मग घ्यायचं काय? मध्य आशियातला अलाबाई आणि तुर्कस्तानातला कांगल ही खरी कळपाची, म्हणजे मेंढ्या राखणारी कुत्री. केस त्यामानाने आखूड, आणि तुर्कस्तानातल्या कांगलच्या मुलखात उन्हाळाही कडक असतो, म्हणून कॉकेशियनपेक्षा ती इथे बरी टिकतात. पण इकडे कांगल म्हणून विकलं जाणारं पुष्कळ पाहिलं तर मिश्र निघतं, आणि ही कुत्री पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्याच्या हाताची नाहीत. रॉटवायलर माणसांत रमतो, घराची राखण उत्तम करतो, शेळ्यांपाशी एकटा सोडायचा मात्र नाही. लातूरकडचे कारवान आणि पश्मी दिसायला देखणे, कानाने तिखट, पण ती शिकारीची, पळणारी जात. पळणारी वस्तू दिसली की पाय आवरत नाहीत, आणि पाट्या-करडं दिवसभर उड्या मारत पळत असतात.

माझ्या मते तुमच्या आखाड्याला धनगरांच्या कळपातली दोन पिल्लं योग्य. सुगी झाली की मेंढरं वावरात बसवायला येतात, तेव्हा दोन रात्री त्यांच्या वाड्याजवळ जाऊन बसा आणि कोणती मादी रात्रभर मेंढरांना सोडत नाही ते बघा. तिचं पिल्लू मागा. वजन २५-३० किलोच्या आसपास भरेल, छायाचित्रात भारदस्त दिसणार नाही; पण ऊन, कुसळं, काळ्या मातीचा चिखल आणि लांडग्याचा वास हे सगळं त्याच्या आईने पचवलेलं असतं. एक नर आणि एक मादी ठेवा, वयात येताना दोघांची नसबंदी करून घ्या. दोन नर पुढे एकमेकांना फाडतात.

खाली जे लिहितो ते मोठ्या जातींना जास्त लागू आहे, पण राखणीच्या कोणत्याही कुत्र्याला बरंचसं तसंच.

राखण म्हणजे चावणं हा समज आधी काढून टाका. माझ्या शेतावर मिश्र अलाबाई मादी होती. ती गोठ्यासमोरच्या मातीच्या उंचवट्यावर बसायची, तिथून बांध आणि गाडीवाट दोन्ही दिसायचे. रात्री बांधावर बॅटरी दिसली की आधी नुसती उठून उभी राहायची. आवाज नाही. मग सावकाश चालत बॅटरी आणि शेळ्या यांच्या मधे येऊन थांबायची आणि छातीतून एकदाच भुंकायची. बॅटरी थांबली तर तीही थांबायची. पुढे सरकली तर दुसरं भुंकणं, दोन पावलं पुढे. मी खाटेवरून उठून आलेल्याचं नाव घेऊन बोललो की ती एकदा माझ्याकडे बघायची, पण जागा सोडायची नाही. मी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला की मगच जवळ यायची, त्याच्या चपला हुंगायची आणि परत उंचवट्यावर. यातलं काहीही मी तिला शिकवलेलं नव्हतं. हे त्यांच्या रक्तात असतं आणि दीड-दोन वर्षांचं वय झालं की आपोआप वर येतं.

म्हणूनच पहिल्या वर्षी 'तिखट' करण्याच्या मागे लागू नका. पिल्लू अंधाऱ्या खोलीत कोंडणं, मिरच्या चारणं, गल्लीतल्या पोरांकडून डिवचून घेणं, रक्त पाजणं हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यातून भित्रं कुत्रं तयार होतं आणि भित्रं कुत्रं जो जवळ येईल त्याला चावतं, मग तो चोर असो की तुमचा मेव्हणा. चावायचं शिक्षण देतो म्हणणाऱ्याकडे पिल्लू मुळीच पाठवू नका.

पहिल्या वर्षी त्याला द्यायची ती माणसांची ओळख. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. त्या काळात जे बघितलं ते त्याला आयुष्यभर साधं वाटतं आणि जे बघितलं नाही ते संशयास्पद. हेल्मेटवाला, फेटा बांधलेला काठी टेकत येणारा म्हातारा, डोक्यावरून पदर घेतलेली बाई, गॅसची टाकी खांद्यावर घेतलेला माणूस, दूधवाला, वासुदेव, आसूड ओढणारा पोतराज, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, लग्नाचा बँड, पोळ्याच्या बैलांच्या घुंगरमाळा, भजनाचा भोंगा. हे सगळं लांबून, पिल्लू तुमच्या कडेवर असताना, तोंडात खाऊ देत देत दाखवा. घाबरून अंग चोरलं तर आणखी दहा पावलं मागे या. लसी पूर्ण होईपर्यंत बाजारात जमिनीवर सोडू नका, पार्व्हो (रक्ती हगवणीचा जीवघेणा आजार) तिथूनच घरी येतो. डिस्टेंपर-पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना आणि पुढे दर वर्षी.

आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंतचा काळ अवघड. कालपर्यंत 'बस' म्हटलं की बसणारं पोर आता मान वळवून बघतं आणि विचार करतं. कळपाच्या जाती माणसाच्या हुकमाशिवाय स्वतः ठरवण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या आहेत, त्यामुळे जर्मन शेफर्डसारखी झटपट आज्ञा त्यांच्याकडून मागू नका. थोडंच शिकवा पण पक्कं शिकवा: बस, थांब, सोड, जागेवर जा, आणि पट्टा न ओढता चालणं. मारून काही होत नाही. विशेषतः गुरगुरल्याबद्दल कधी मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती मारून बंद केलीत तर पुढच्या वेळी ते सूचना न देता चावेल.

साखळीचंही तसंच. दिवसभर खुंट्याला आणि रात्री मोकळं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. दिवसभर येणारे-जाणारे त्याच्या टप्प्याबाहेरून जातात, त्याला ना जवळ जाऊन हुंगता येतं ना लांब पळता येतं. चार-सहा महिन्यांत ते प्रत्येक हालचालीवर झेपावायला लागतं. माझ्याकडे चावल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यात साखळी तुटलेलं किंवा रात्री सोडलेलं कुत्रं वारंवार असतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही कुत्रं कायम बांधून ठेवून त्याला फिरवायचं नाही हा गुन्हा आहे. आखाड्यावर पाच-सहा फूट उंच जाळीचं कुंपण करा, खालून उकरता येऊ नये म्हणून जाळी जमिनीत फूटभर गाडा आणि फाटकाला आतून दुसरी कडी लावा. हा खर्च कुत्र्याच्या आधी करायचा. कुत्र्याबाबत हयगय करून माणसाच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता लेकरं. तुमच्या मुलांना ते कुत्रं जीव लावेल यात मला शंका नाही. माझी काळजी शेजारच्या मुलांची आहे. अंगणात पकडापकडी चालली आहे, शेजारचं पोर तुमच्या पोराला खाली पाडतं, तुमचं पोर हसत-हसतच किंचाळतं. कुत्र्याला त्यातला खेळ कळेलच असं नाही. आपल्या घरचं लेकरू खाली पडलंय आणि वर परकं कुणी बसलंय एवढंच ते बघतं. पन्नास किलोचं जनावर नुसतं मधे घुसलं तरी हात मोडतो. म्हणून बाहेरची मुलं खेळायला आली की कुत्रं त्याच्या जागी, फाटकाच्या आत, दर वेळी, अपवाद न करता. ते जेवत असताना आणि झोपलेलं असताना लेकरांनी जवळ जायचं नाही, हे लेकरांना शिकवा. आणि घरातलं मोठं माणूस समोर नसेल तर दोघांना एकत्र ठेवायचं नाही. कधी दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

आठवडाभर परभणी आणि सुट्टीला आखाडा, हे जमणार नाही. कुत्रं जिथे वाढतं ती जागा आणि तिथली माणसं राखतं. बंगल्यात वाढलेलं कुत्रं शनिवारी आखाड्यावर नेलं तर ते गाडीपाशी बसून तुमची वाट बघेल, आणि शेळ्या त्याच्यासाठी नुसत्या पळणाऱ्या वस्तू राहतील. शेळ्यांसाठी हवं असेल तर आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू थेट आखाड्यावर जायला हवं. शेळ्यांच्या वाड्याला लागून जाळीमागे त्याची जागा करा, तिथेच खाणं, तिथेच झोप. दिवसातून दोन-तीनदा समोर राहून शांत, थोराड शेळ्यांत सोडा. एखादी शेळी डोकं मारेल, मारू द्या. त्यातून ते मान राखायला शिकतं. पाठलाग सुरू केला की लगेच बाहेर. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत करडांपाशी एकटं सोडू नका, शेळ्या विताना तर नाहीच. घरासाठी हवं असेल तर घरातच वाढवा आणि आखाड्याला वेगळी व्यवस्था करा.

बिबट्याबद्दल स्पष्ट सांगतो: एकट्या कुत्र्याने बिबट्या अडवावा ही अपेक्षा ठेवू नका, बिबट्या कुत्रीही उचलतो. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात तो त्याचसाठी. रात्री शेळ्या आणि कुत्री वरूनही जाळी असलेल्या वाड्यात, बाहेर दिवा. कुत्र्याचं काम आवाज देण्याचं. लांडगे बहुतेक वेळा कुत्र्यांच्या आवाजानेच लांब राहतात, आणि शेळी नेलीच तर वनविभागाकडे पंचनामा करून भरपाई मागता येते.

खाण्यावर जरा जास्त लिहितो, कारण मोठ्या पिल्लांचं सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने खाऊ घालूनच होताना बघतो. पाच महिन्यांचं एखादं मोठ्या जातीचं पिल्लू टेबलावर येतं. गोलमटोल, मालक खूश. पुढचे पाय बघितले तर मनगट बाहेर वळलेलं, पंजे सपाट पसरलेले, उठताना मागचा भाग डुलतो. विचारलं की कळतं: चांगल्या कंपनीचं पिल्लांचं खाद्य, वर दोन वेळा कॅल्शियमचं औषध, वर तूप आणि अंडी. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, पोटात गेलेलं मुकाट शोषलं जातं आणि हाडाच्या वाढीच्या टोकांवर परिणाम होतो. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य देत असाल तर त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस मोजून घातलेलं असतं, वरून काहीही देऊ नका. याच्या उलट नुसत्या दूध-भाकरीवर किंवा नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं कच्ची राहतात. घरचंच द्यायचं असेल तर भाकरी, अंडी, शिजवलेलं चिकन यांचं प्रमाण आणि कॅल्शियम दोन्ही डॉक्टरांकडून ठरवून घ्या. शिजवलेली हाडं नकोत, कांदा-लसणाचा रस्सा नको, द्राक्षं-बेदाणे नकोत. पिल्लू सडपातळ ठेवा: बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना लगेच लागाव्यात. दीड वर्षापर्यंत जिने, उड्या, मोटरसायकलमागे पळवणं बंद. मोठ्या जातीच्या जेवणालाच महिन्याला आठ-दहा हजार धरा, औषधपाणी वेगळं.

मोठ्या झालेल्या खोल छातीच्या कुत्र्याला एकदाच पोटभर जेवण देऊ नका, दोन वेळा द्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर पळवू नका. पोट फुगलंय, ओकारी काढतंय पण काही पडत नाही, लाळ गळतेय, जागचं जागी अस्वस्थ फिरतंय, असं दिसलं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. ओवा-सोडा पाजत बसू नका. हातात तास-दोन तास असतात. फोन करून शस्त्रक्रिया होते तिथेच गाडी न्या.

उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडपेक्षा कडुलिंबाच्या झाडाखालची ओली जमीन बरी. सकाळी सहाच्या आत आणि रात्री आठनंतर फिरवा. प्लास्टिकच्या बादलीतलं पाणी दुपारी तापतं. सावलीत सिमेंटचा छोटा हौद करा, म्हणजे त्यात बसताही येतं. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल लडखडती दिसली की लगेच सावलीत घेऊन पोटावर, जांघेत, मानेवर साधं पाणी ओता आणि पंखा लावा. बर्फ नको, अंगावर ओला टॉवेल गुंडाळूनही ठेवू नका. नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०४ च्या वर गेलं की धोका. १०३ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा आणि दवाखान्यात आणा, शुद्धीत वाटलं तरी.

गोचिडांसाठी नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, त्या भिंतीच्या भेगांत राहतात. भेगा लिंपा, शेड फवारा. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या किंवा नाकातून रक्त म्हणजे गोचीडतापाची तपासणी त्याच दिवशी. पावसाळ्यानंतर बोटांच्या बेचक्यात आणि कानात कुसळं शोधा. कापसावरच्या, उसावरच्या औषधांचे रिकामे डबे उघड्यावर टाकू नका. लाळ आणि अंगाला झटके दिसले तर डबा सोबत घेऊन या, औषध कोणतं ते कळलं की उपचार नेमका होतो. शेळी कापली तर आतडी, फुप्फुस, डोकं कच्चं कुत्र्याला टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी चाऱ्यावर पडतात आणि मग शेळ्यांच्या मेंदूत गाठी होऊन त्या गोल गोल फिरायला लागतात. दुसऱ्या एका जातीच्या कृमीने माणसाच्या यकृतातही गाठी होतात. जंताचं औषध तीन महिन्यांनी, आणि पट्टकृमीवर चालणारंच.

शेवटी सालगड्याचं. पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण आखाड्यावर चोवीस तास तोच राहतो, म्हणजे कुत्र्याचा खरा मालक तोच होणार. पिल्लू निवडायला त्याला सोबत न्या. त्याला कुत्र्याची भीती किंवा किळस असेल तर बेत पुढे ढकला. जेवण त्याच्याच हाताने, वेळ त्यानेच पाळायची, आणि त्या कामाचे पैसे सालात वेगळे धरा. पाडव्याला साल बदललं आणि नवा गडी आला तर जुना आणि नवा दोघं किमान आठवडाभर एकत्र आखाड्यावर राहतील असं बघा. पहिले दोन दिवस नव्याने नुसतं जुन्याच्या शेजारी बसावं, कुत्र्याच्या डोळ्यात बघू नये. तिसऱ्या दिवसापासून जेवणाचं ताट जुन्याने त्याच्या हातात द्यावं, मग पट्टा धरून दोघांनी मिळून बांधावरून फेरी मारावी. शेवटच्या दोन रात्री जुन्याने फाटकाबाहेर झोपावं आणि रात्री उठून शेळ्यांपाशी जायचं काम नव्याने करावं. त्यात कुत्रं शांत राहिलं तरच जुन्याला सुट्टी द्या.